आधी पहिला अध्याय

सोमवार

नायसियाचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं उपासनेत म्हटलं जाणारं जुनं निवेदन, आज मुद्दाम सावकाश वाचला. उपासनेत सगळ्यांबरोबर तो म्हणताना जीभ पुढे पळते आणि डोकं मागे राहतं. एकट्याने ओळ न् ओळ वाचली तेव्हा लक्षात आलं, की मनुष्य पापी आहे असं सांगणारं वेगळं वाक्यच यात नाही. सुरुवात होते सर्वसमर्थ पित्यापासून, आकाश आणि पृथ्वी, दिसणारं आणि न दिसणारं सगळं निर्माण करणाऱ्यापासून. पाप हा शब्द येतो पार शेवटाकडे, तोही क्षमेला धरून: पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा. मधे ‘आमच्या तारणासाठी’ असं आहे. तारण म्हटलं की काहीतरी बिघडलंय हे आलंच, पण त्या बिघाडाचं वर्णन करत कोणी बसलेलं नाही.

ख्रिस्ती माणूस काय मानतो असं कोणालाही विचारा. दहातले आठ सांगतील, ‘माणूस जन्मतःच पापी.’ आमच्यातलेही तेच सांगतील, आणि जरा अभिमानानेच. जणू पवित्र शास्त्र त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, तिसऱ्या अध्यायापासून, म्हणजे आदाम-हव्वेच्या पापापासून सुरू होतं. निर्मितीचे पहिले दोन अध्याय कुठे गेले? या आठवड्यात तेच धरून बसायचं ठरवलंय.

मंगळवार

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचा, विषय निघाला की लोक गणित मांडायला बसतात. एकात तीन कसे आणि तिनात एक कसा. मला ते गणित कधीच महत्त्वाचं वाटलेलं नाही. 325 मध्ये नायसियाला सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद भरवली, ती गणितासाठी नव्हती. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा वडीलधारा धर्मगुरू शिकवत होता की पुत्र हा सगळ्या सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण तोही निर्माण केलेलाच. तो नव्हता अशी एक स्थिती होती. ऐकायला हे सरळ आणि समजायला सोपं. परिषदेने ते नाकारलं: पुत्र निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व आहे. पवित्र आत्म्याविषयीचा मजकूर सविस्तर झाला तो 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत.

एवढा वाद कशासाठी? योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय, देव प्रीती आहे. आता सृष्टी नव्हती, देवदूत नव्हते, कोणीच नव्हतं, तेव्हा ही प्रीती कोणावर होती? देव जर मुळात एकटाच असेल तर प्रीती करायला त्याला जग लागेल, म्हणजे जग ही त्याची गरज झाली. त्रैक्य मानलं की हा पेच सुटतो. पिता, पुत्र आणि आत्मा यांच्यात प्रीती आधीपासूनच आहे, भरलेली आहे. जग झालं ते कसली उणीव भरून काढायला नाही.

म्हणजे देवाला माझी गरज नाही. वाक्य लिहिताना हात जरा थांबला. पन्नासाव्या स्तोत्रात तर देव जवळजवळ थट्टेच्या सुरात म्हणतो, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण सगळं जग माझंच आहे. अथेन्सच्या अरीयपगात, तिथल्या सभेपुढे, प्रेषित पौल हेच सांगतो: देवाला काही उणं आहे म्हणून माणसांच्या हातून त्याची सेवा होते असं नाही.

बाबेलच्या जुन्या कथेशी हे ताडून पाहिलं की फरक कळतो. अत्राहसीसच्या महाकाव्यात धाकट्या देवांना कालवे खोदून खोदून कंटाळा येतो, ते बंड करतात, आणि मग त्यांचं काम करायला माणूस घडवला जातो. मारलेल्या एका देवाचं रक्तमांस मातीत मिसळून. माणूस तिथे बिगारी आहे. उत्पत्तीतही मातीच आहे, पण तिच्यात मिसळलाय तो श्वास, नाकपुड्यांत फुंकलेला, आणि तो फुंकणाऱ्याचं कुठलंही काम अडलेलं नव्हतं. कामाला येतो म्हणून ज्याला ठेवलं, त्याची किंमत काम संपलं की संपते. ज्याची गरजच नव्हती आणि तरीही जो केला गेला, त्याला अशी मुदत नसते.

बुधवार

निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडलेली घटना, असं धरून विज्ञानाशी भांडणं चालतात. दोन्ही बाजूंनी. तेराव्या शतकात ईश्वरविज्ञानी थॉमस अक्वायनस म्हणून गेला, की जगाला आरंभ होता हे नुसत्या बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते प्रकटीकरणातून कळतं; आणि जग अनादी असतं तरीही ते देवाने निर्मिलेलंच ठरलं असतं. कारण निर्मिती म्हणजे या क्षणीही प्रत्येक गोष्टीचं असणं त्याच्यावर टेकलेलं असणं. विश्व एका ‘आदिअणू’तून विस्तारत गेलं ही कल्पना 1931 मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि त्याच्या सिद्धान्ताला उत्पत्तीचा पुरावा म्हणून मिरवलेलं त्याला मुळीच आवडत नसे. शहाणा माणूस.

मला जास्त मोलाचं वाटतं ते जड वस्तूंविषयीचं म्हणणं. पहिल्या अध्यायात ‘चांगले’ हा शेरा सात वेळा येतो, शेवटचा ‘फार चांगले’. प्रकाश, कोरडी जमीन, झाडं, मासे, सरपटणारे प्राणी. सूर्य-चंद्रांना नावंही दिलेली नाहीत, नुसती मोठी ज्योती आणि लहान ज्योती. शेजारचे लोक ज्यांना देव मानून पुजत होते त्यांना इथे दिव्याचं काम. माती वाईट आणि आत्मा चांगला अशी वाटणी या अध्यायात बसतच नाही.

तरी ती वाटणी पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. दुसऱ्या शतकातला मार्सियन नावाचा शिक्षक म्हणायचा, हे जग करणारा जुन्या करारातला देव वेगळा, हलका. येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने त्याला 144 च्या सुमारास बाहेर काढलं. पुढे ल्योंचा बिशप इरेनियस याने ज्ञानवाद्यांविरुद्ध, म्हणजे जड जगाला हलकं मानून गूढ ज्ञानाने सुटका शोधणाऱ्यांविरुद्ध, मोठा ग्रंथ लिहिला, त्यात तो हाच धागा सोडत नाही: निर्माण करणारा आणि तारणारा देव एकच, आणि देहाचंही तारण होतं. पण आजही कोणाच्या अंत्यविधीला ‘शरीर हा पिंजरा होता, आता पक्षी उडाला’ असं कोणी म्हटलं की आमचेच लोक माना डोलावतात. प्लेटोला ते चाललं असतं, पौलाला नाही. तो करिंथकरांना देहाच्या पुनरुत्थानाविषयी अख्खा अध्याय लिहितो.

गुरुवार, रात्री

देवाचं प्रतिरूप. पहिल्या अध्यायात माणूस असा निर्माण केला जातो. इजिप्तमध्ये राजाला देवाची जिवंत प्रतिमा म्हणत. प्रजेला कोणी तसं म्हणत नव्हतं. उत्पत्ती हा मान सरसकट वाटून टाकते, नर आणि नारी दोघांना, कुठलीही अट न घालता. बुद्धी हे प्रतिरूप, की सृष्टीवरचा अधिकार, की नातं जोडण्याची क्षमता, यावर शतकानुशतकं लिहिलं गेलंय. प्रतिरूप बुद्धीतच ठेवलं तर ज्याची बुद्धी मंद आहे त्याचं काय, एवढं विचारलं तरी पहिला पर्याय मला पुरेसा वाटत नाही.

यातून काय निघतं ते निस्साचा बिशप ग्रेगरी याने चौथ्या शतकात करून दाखवलं. उपदेशकाच्या पुस्तकावरच्या प्रवचनात ‘मी दास-दासी विकत घेतल्या’ या ओळीपाशी तो थांबतो आणि विकत घेणाऱ्याला गाठतो. किती पैसे मोजलेस? देवाच्या प्रतिरूपाला किती नाणी लागली? ज्याच्या हाती देवाने सगळी पृथ्वी दिली त्याचा भाव कोणी ठरवला? विक्रीचा कागद हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला हे प्रश्न तो एकापाठोपाठ एक विचारत जातो. त्या काळात गुलामगिरीच मुळात चूक असं इतक्या स्पष्टपणे म्हणणारे विरळाच. आणि त्यानंतरही ख्रिस्ती लोकांनी कित्येक शतकं माणसं विकली, विकत घेतली, वर शास्त्रातली वचनं काढून दाखवली. हे लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर ग्रेगरीचं कौतुक फार सोयीचं होईल.

पतनानंतर, म्हणजे आदाम-हव्वेने पाप केल्यानंतर, प्रतिरूप पुसलं गेलं का? शास्त्र तसं म्हणत नाही. जलप्रलयानंतर, माणसाच्या मनातल्या कल्पना वाईट आहेत असं स्वच्छ म्हणून झाल्यावरही, उत्पत्ती 9:6 मध्ये खून निषिद्ध आहे तो माणूस देवाचं प्रतिरूप आहे म्हणूनच. नव्या करारातलं याकोबाचं पत्रही तेच सांगतं: ज्या जिभेने प्रभूचा धन्यवाद करता तिनेच त्याच्या सदृश केलेल्या माणसांना शिव्याशाप देता.

शनिवार

आता तिसरा अध्याय. तो टाळायचा नव्हताच, फक्त त्याच्या जागी वाचायचा होता.

आदाम-हव्वेने मना केलेलं फळ खाल्लं, डोळे उघडले, लपून बसले. ‘तू कोठे आहेस?’ पाठोपाठ देव विचारतो, मना केलेलं फळ खाल्लंस का? यावर आदामाचं उत्तर नीट वाचावं. ‘जी स्त्री तू मला सोबतीला दिलीस, तिने दिलं.’ एका वाक्यात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. आणि ही तीच स्त्री, जिला पाहून अध्यायभर आधी तो ‘ही माझ्या हाडातलं हाड’ म्हणाला होता. पाप म्हणजे काय हे मला फळापेक्षा या उत्तरात जास्त कळतं.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने स्वतःच्या सोळाव्या वर्षीची चोरी लिहून ठेवलीय. टोळक्याबरोबर रात्री नासपतीचं झाड झोडपलं. फळं दिसायलाही बरी नव्हती, चवीलाही नाही. घरी याहून चांगली होती. बहुतेक डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, गरज नव्हती, चोरी करण्यातच गोडी होती, आणि एकटा असतो तर केली नसती असंही तो म्हणतो. तारुण्यात जवळजवळ नऊ वर्षं तो मानीपंथात होता, जिथे वाईट ही अंधाराची वेगळी सत्ता मानतात. तिथून बाहेर पडून तो म्हणाला, वाईटाला स्वतःचं असं अस्तित्वच नाही, ते चांगल्यातली तूट आहे. कापडाशिवाय भोक असू शकत नाही तसं. मला हे पटतं, कारण यात सैतानालाही काही निर्माण करता येत नाही, फक्त नासवता येतं.

त्याच्याच काळातला संन्यासी शिक्षक पेलाजियस याच्याशी त्याचा वाद झाला तो पुढे. पेलाजियसचं म्हणणं, आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं. माणसाचा स्वभाव शाबूत आहे आणि देव जे सांगतो ते त्याला करता येतं. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने ही शिकवण फेटाळली. आजच्या वाचकाला पेलाजियस दयाळू वाटतो. मला तो निष्ठुर वाटतो. तुला जमतं, म्हणून न जमणं हा सर्वस्वी तुझाच गुन्हा. व्यसनात अडकलेल्या माणसाला हे ऐकवून बघा. जे करावंसं वाटतं ते मी करत नाही आणि जे नको तेच करतो, असं रोमकरांस पत्रात वाचणाऱ्याला निदान कोणीतरी आपल्यासारखा भेटतो.

रविवार

पण ऑगस्टीनबरोबर मी शेवटपर्यंत जात नाही. आदामाचा दोषही वारशाने येतो असं मानल्यावर तो तर्काने तिथे पोचला, जिथे बाप्तिस्म्याविना गेलेली तान्ही मुलंही शिक्षेतून सुटत नाहीत. सौम्यात सौम्य शिक्षा, पण शिक्षाच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी हे कधी स्वीकारलं नाही. त्यांच्या मते वारशाने येतं ते मरण आणि दुबळेपण, आदामाचा अपराध नाही. पश्चिमेकडे मध्ययुगात त्या बाळांसाठी ‘लिंबो’ कल्पिली गेली, ना दुःख ना देवदर्शन. ट्रेंटच्या परिषदेने 1546 मध्ये मूळ पापाची, म्हणजे आदामाचं पाप सगळ्यांना वारशाने येतं ही, शिकवण पुन्हा ठामपणे मांडली. अखेर 2007 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाने लिहिलं, की या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत. खात्री नाही, आशा. इतकी शतकं ज्या आयांनी मुलं पुरली त्यांना त्यांच्या धर्मगुरूंनी काय सांगितलं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

आयोगाने दिलेली कारणं वाचली तर तिथे देवाची सर्वांना तारण्याची इच्छा आहे, येशूने लेकरांना जवळ बोलावलं ते आहे. मी असतो तर त्यात उत्पत्ती 1:27, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं हे वचन, आधी घातलं असतं. त्या बाळानेही दुसरं काही केलेलं नसतं. त्याला फक्त निर्माण केलेलं असतं.