विचिनान्की: वोविचचा कोंबडा झाला, आता कुर्पिएचं झाड

कोंबडा एकदाचा चिकटला. पोलिश कागदकाम, म्हणजे विचिनान्की, शिकायला घेतल्यापासून भिंतीवर लावण्याजोगा वाटलेला हा पहिलाच नमुना. वोविच या पोलिश गावाची पद्धत अशी: आधी एका रंगाच्या घोटीव कागदातून अख्खा पक्षी कापायचा, मग त्यावर रंगीत तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत चढवत न्यायचे. एकेका पिसावर तीन-चार थर येतात. पातळ डिंकाने लाल रंग खालच्या थरात उतरतो, म्हणून मी घट्ट खळ वापरतो.

शिकतोय ते मुख्यतः अमेरिकेतल्या पोलिश लोकांच्या साच्यांवरून. आणि तिथे जिकडे बघावं तिकडे हाच कोंबडा! पिशवीवर, कपावर, ईस्टरच्या शुभेच्छापत्रावर. वोविच हे वॉर्सॉच्या पश्चिमेचं एक गाव. वॉर्सॉच्या ईशान्येला कुर्पिएच्या जंगलपट्ट्यात कागदकामाची रीत अगदी वेगळी: एकच रंग, थर नाहीत, सगळी करामत कापण्यात. ती या साच्यांत क्वचितच दिसते.

कारण शोधत गेलो तेव्हा कागदापेक्षा नाचाच्या गटांनी जास्त शिकवलं. पहिल्या महायुद्धाआधीच्या चाळीसेक वर्षांत लाखो पोलिश शेतकरी अमेरिकेत खाणी, पोलाद कारखाने आणि कत्तलखान्यांत कामाला गेले. एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या गावांचे लोक आले की कोणाचा पेहराव आणि कोणाचा नाच धरायचा? क्राकूफचा झगमगीत वेष सगळ्यांचा ‘पोलिश वेष’ होऊन बसला. पुढे 1948 साली पोलंडमध्ये माझोव्शे हा सरकारी नृत्यसंच निघाला. त्याच्या परदेश दौऱ्यांनंतर बाहेरच्या गटांनी त्यांचे रंगमंचीय नाच उचलले. 1969 पासून झेशूफला परदेशस्थ पोलिश गटांचा महोत्सव भरतो. एका अर्थी नाच माहेरी जाऊन पुन्हा शिकून येतात. मला यात काही खोटं वाटत नाही, पण बारीकसारीक गावठी भेद गळतात ते इथेच.

याला सणसणीत अपवाद शिकागोचे गुराले, तात्रा डोंगरातले लोक. 1929 साली त्यांनी तिथे स्वतःची संघटना काढली. आर्चर अव्हेन्यूवर त्यांचं घर आहे. बोली, पांढऱ्या लोकरी विजारी, व्हायोलिनच्या जोडीला तीन तारांचं बासे हे वाद्य, सगळं आपलं आपलं. माझ्या मते गुपित साधं आहे: त्याच त्या खेड्यांतून माणसं कितीतरी पिढ्या येत राहिली, त्यामुळे चूक दाखवणारं कोणीतरी नेहमीच हजर.

ब्राझीलच्या कुरितिबात आणखी तिसराच प्रकार. तिथल्या वसाहतकऱ्यांनी ओंडक्यांची घरं पोलिश रीतीने बांधली, पण लाकूड वापरलं तिथल्याच आरौकारिया झाडाचं. मूळचे पोलंडचे पोप जॉन पॉल दुसरे 1980 साली तिथे येऊन गेले. त्यानंतर अशी काही घरं एका उद्यानात हलवून पुन्हा उभी केली आहेत. हात जुना, माल तिथला. घोटीव कागदावर काम करणाऱ्या मला हा प्रकार जास्त जवळचा. (कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 48 मध्ये सुमारे पाच हजार पोलिश राहिले, पण ते युद्धाचे निर्वासित होते. त्यांची गोष्ट स्वतंत्र सांगायला हवी.)

तर आता कुर्पिएचं लेलुया, म्हणजे कागदात कापलेलं झाड, हातात घेतलंय. कागद उभा एकदाच दुमडायचा, मधोमध झाड, टोकाशी समोरासमोर पक्षी. दोन्ही बाजू एकदम कापल्या जातात, वर तुकडा चिकटवून झाकाझाक करायची सोय नाही. फांद्यांमधली जाळी आधी आतून कापावी, बाहेरची कड शेवटी, नाहीतर कागद हातात लुळा पडतो. गडद हिरवा कागद घेतलाय. जाळीचे दात अजून एकसारखे येत नाहीत, शिवणाची कात्री टोकाला जाड पडते.

जुन्या बायका हे मेंढ्यांची लोकर कापायच्या कातरीने करायच्या. तसली धनगरी कातर मिळवायच्या खटपटीत आहे. कोणी कागदावर वापरली असेल तर धार कशी लावता तेवढं सांगा.