तीस सेकंदांत नेमकं काय मागायचं?

खुल्या मेळाव्यात ओळखी भरपूर होतात, पण काम मिळायला तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटावी लागतात. म्हणून इथे फक्त बीएनआय किंवा सॅटर्डे क्लबसारख्या, नियमित भेटून एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या गटांबद्दल.

आधी हिशोब. वार्षिक फी, नाश्ता, पेट्रोल आणि तुमचा वेळ धरून वर्षाला समजा 80,000 रुपये जात असतील आणि धंद्यात निव्वळ 10 टक्के सुटत असतील, तर पहिलं 8 लाखांचं काम नुसतं खर्च भरून काढण्यात जातं. फी भरण्याआधी पाहुणे म्हणून जाऊन या. हॉल किती भरलाय ते बघू नका. बीएनआयच्या एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सभासद असतो, तेव्हा तुमची जागा रिकामी आहे का आणि तुमच्या आधी गिऱ्हाईकाच्या दारात पोचणारे लोक तिथे आहेत का, ते बघा. फॅब्रिकेशनवाल्यासाठी आर्किटेक्ट, शेडचा दलाल आणि इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर असले की झालं. विमा सल्लागार, केटरर अशी वीस माणसं असून त्याला फारसा उपयोग नाही.

आता ते तीस सेकंद, म्हणजे भेटीत आपला धंदा आणि मागणी सांगायला मिळणारा वेळ. त्यात मराठीचे साधारण 60-65 शब्द बसतात. तरी बहुतेक जण कंपनीचं नाव, स्थापनेचं वर्ष आणि 'क्वालिटी आणि सर्व्हिस' यातच ते उडवतात. शेवटी 'कुणाला फॅब्रिकेशनचं काही काम असेल तर सांगा.' हे ऐकून कुणालाच काही आठवत नाही, कारण 'कुणाला' या शब्दाला चेहरा नाही. त्याऐवजी असं:

'आम्ही शेडमध्ये मेझनाईन फ्लोअर, म्हणजे मधला मजला बसवतो, 2,000 ते 5,000 चौरस फुटांपर्यंत. चाकण किंवा तळेगावात ज्यांनी नुकतीच शेड भाड्याने घेतलीय आणि आता माल ठेवायला जागा पुरत नाही, असा कारखानदार कुणाच्या ओळखीचा आहे का? त्यांचा नुसता नंबर नको, मी फोन करणार आहे एवढं त्यांच्या कानावर घाला.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसता नंबर म्हणजे लीड. समोरच्याला तुमच्या फोनची कल्पना देऊन ठेवलेली असेल तर तो रेफरल. पहिल्यात तुम्ही अनोळखी सेल्समन असता. मागणी दर आठवड्याला बदला. एकदा मेझनाईन, पुढच्या वेळी फक्त जिने आणि रेलिंग. तेच भाषण तिसऱ्यांदा ऐकताना लोक चहाकडे बघायला लागतात.

कार्ड मॅट कागदाचं आणि मागून कोरं छापा. चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेन उठत नाही. समोरच्याचं कार्ड घेतलं की मागे लगेच दोन शब्द लिहा: 'जूनमध्ये शेड बदलणार'. नंबर सेव्ह करतानाही नावापुढे धंदा आणि गाव टाका, नाहीतर महिन्याभराने फोनमध्ये सहा 'सचिन' सापडतात. फोन 48 तासांच्या आत. ग्रुपवर ब्रोशरची पीडीएफ टाकणं म्हणजे फॉलोअप नव्हे. ती कुणी उघडत नाही.

खरं काम वन-टू-वनमध्ये, म्हणजे दोघा सभासदांच्या वेगळ्या भेटीत होतं. हॉटेलपेक्षा एकमेकांच्या वर्कशॉपमध्ये भेटा, पाऊण तास पुरतो. 'तुमची शेवटची तीन चांगली गिऱ्हाइकं कुणामार्फत आली?' एवढं विचारा आणि त्याच्यासाठी कोणाशी बोलता येईल ते तिथेच ठरवा. आठवड्याला एक भेट झाली तर वर्षभरात पन्नासेक सभासद भेटून होतात.

गाडी अडते ती बहुधा पैशांवर. 'आपल्याच चॅप्टरमधला माणूस' म्हणून ॲडव्हान्स मागायला संकोच वाटतो, कोटेशन व्हॉट्सॲपवर किंवा तोंडीच होतं, आणि उधारी लांबली की ज्याने रेफरल दिला त्याच्याशीही बोलणं अवघडतं. कोटेशन, ॲडव्हान्स आणि पेमेंटची तारीख बाहेरच्या गिऱ्हाइकासारखीच लेखी घ्या. उत्पादक किंवा सेवा देणारे असाल तर काम सुरू होण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून नंबर बिलावर छापा: 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, करार नसेल तर 15 दिवसांत. आणि काम मिळो न मिळो, रेफरल देणाऱ्याला निकाल कळवा. 'कोटेशन दिलं, पण त्यांना स्वस्तातलं हवं होतं' एवढा निरोपही चालतो. तो मिळाला नाही, तर पुढचा रेफरल देताना माणूस हात आखडता घेतो.