यूपीएसचं कार्ड आणि अंधारातलं नेटवर्क

यूपीएस बसवायला आलेला माणूस बॅटऱ्या जोडतो, लोड किती टक्के तो दाखवतो, सही घेतो आणि निघतो. मागच्या खाचेतलं, यूपीएसची खबर नेटवर्कवरून सर्व्हरला देणारं नेटवर्क कार्ड उरतं नेटवर्कवाल्याच्या, म्हणजे माझ्या वाट्याला. बहुतेक जण त्याला कसाबसा एक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतात आणि वेबपेज उघडलं की काम झालं म्हणतात. पण हे कार्ड खरं कामाला येतं वीज गेल्यावर. त्यामुळे त्यातला प्रत्येक रकाना भरताना मी एकच विचार करतो, की लाइट नसताना यातलं काय चालू असेल?

सुरुवातीलाच केबलबद्दल सांगतो. एपीसी कंपनीच्या बऱ्याच स्मार्ट-यूपीएसवरचा सिरियल पोर्ट दिसायला नेहमीचा नऊ पिनांचा, पण आतली जोडणी निराळी. ड्रॉवरमध्ये सापडलेली कुठलीही सिरियल केबल तिथे खुपसली तर यूपीएस चक्क बंद पडू शकतो, आणि त्याच्यावर चालणारं सगळं त्याच्याबरोबर जातं. कार्डाची केबल कार्डालाच लावायची. पुढे लॅपटॉपवरच्या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद; दोनतीनदा एंटर दाबलं की लॉगिन विचारतं. घाबरायचं कारण नाही. कार्ड रीस्टार्ट केलं तरी यूपीएसचं आउटपुट चालूच राहतं.

बूट मोड, म्हणजे कार्डाला आयपी कसा मिळणार ते, मी मॅन्युअल करतो; आपोआप आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीवर सोडत नाही. हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, डीएचसीपीवर छान चाललंय की, मग हाताने कशाला भरायचं?" चाललंय, कारण आत्ता लाइट आहे. लांबलेल्या खंडानंतर सगळी यंत्रं एकदम उठतात. कार्ड लगेच जागं होतं, डीएचसीपी देणारा सर्व्हर मागाहून सावकाश येतो. शिवाय सर्व्हर वेळेत नीट बंद करणाऱ्या शटडाउन सॉफ्टवेअरला आपण कार्डाचा आयपी सांगून ठेवलेला असतो. तो बदलला तर बॅटरी संपत आल्याचा निरोप सर्व्हरला मिळणारच नाही. अशाच कारणाने एनटीपी (घड्याळाची वेळ देणारा) आणि मेल सर्व्हरच्या रकान्यांतही मी नाव न लिहिता आयपीच लिहितो. आणीबाणीत नावावरून आयपी शोधून देणाऱ्या डीएनएसच्या भरवशावर कोण बसणार?

आता गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराचा, बहुधा राउटरचा, आयपी. हा रकाना लोक सर्रास रिकामा सोडतात, कारण "कार्ड बाहेर कुठे जाणारच नाही". एका ठिकाणी यूपीएससाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगळं काढलेलं नेटवर्क) होतं, राउटर नसलेलं, अगदी शांत. कार्डाचा इव्हेंट लॉग उघडला तर नेटवर्क इंटरफेस रीस्टार्ट झाल्याच्या नोंदींची रांग, दर दहाएक मिनिटांनी एक. हार्डवेअर गेलं असं समजून नवं कार्ड मागवायची तयारी चालली होती. वास्तविक हे कार्डाचं ठरलेलं वागणं आहे. एपीसीच्या कार्डात वॉचडॉग, म्हणजे स्वतःवरच पहारा ठेवणारी सोय, असते. साडेनऊ मिनिटं नेटवर्कवर काहीच ऐकू आलं नाही, तर आपलंच काही अडकलं असं धरून ते स्वतःला रीस्टार्ट करतं. ही वेळ येऊ नये म्हणून दर साडेचार मिनिटांनी ते गेटवेला हाक मारून बघतं. गेटवेच नसेल तर हाकेला ओ कोण देणार? राउटर नसला तर त्याच नेटवर्कमधल्या (सबनेटमधल्या) कायम चालू असणाऱ्या एखाद्या यंत्राचा आयपी तिथे टाका. फक्त १२७.०.०.१, म्हणजे 'मी स्वतःच' असा पत्ता, टाकू नका, कार्ड निकामी होऊन बसतं.

पासवर्डचं थोडक्यात. जुन्या कार्डांवर नाव एपीसी आणि पासवर्डही एपीसी. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने इंटरनेटला जोडलेल्या यूपीएसबद्दल खास इशारा दिला, त्यात असे कारखान्यातले पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. ते बदला, टेलनेट आणि एसएनएमपीची पहिली आवृत्ती हे कार्डापर्यंत पोचायचे जुने, असुरक्षित मार्ग बंद करा. पासवर्ड विसरलाच तर रीसेटचं बटण आहे: एकदा दाबायचं, दिवा हिरवा-नारिंगी लुकलुकायला लागला की लगेच पुन्हा दाबायचं. सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असतील तर फायरवॉलमध्ये पॉवरशूटसाठी (एपीसीचं शटडाउन सॉफ्टवेअर) यूडीपी पोर्ट ३०५२ उघडा, आणि नोंदणीसाठी वेबचा पोर्टही.

एवढं करून कार्ड पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, ओ देतंय म्हणून खूश होऊ नका. ऑफिस सुटल्यावर, आधी सांगून, यूपीएसचा इनपुट ब्रेकर खाली पाडा, त्याच फेजवरची रॅकबाहेरची लाइनही पाडा आणि सर्व्हरवरून पिंग चालू ठेवा. त्या शांत व्हीलॅनवाल्या जागी मी हे केलं तेव्हा यूपीएस ओरडायला लागला आणि पिंग तिथल्या तिथे थांबला. कार्ड ठणठणीत होतं, सर्व्हरही. मधला आठ पोर्टांचा छोटा स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर होता. त्याचा अडॅप्टर यूपीएसच्या आउटपुटवर आणला, ब्रेकर पुन्हा पाडला, आणि या वेळी सर्व्हरवर बॅटरीचा अलर्ट आला.