भरलं का वर्षाचं?

आमच्या अमळनेरच्या घरात मधल्या खोलीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक कोठी आहे. उंचीला माझ्या खांद्याएवढी. वर झाकण, खाली धान्य काढायला वीतभर तोंड आणि त्या तोंडात कोंबलेला जुन्या धोतराचा बोळा. आता तिच्यात गहू नसतो. बंद पडलेला मिक्सर आहे, गाद्यांच्या खोळी आहेत आणि कुणाच्या तरी लग्नात आलेला, अजून खोक्यातून बाहेर न निघालेला डिनर सेट आहे. कोठी भंगारात द्यावी असा विषय दर दिवाळीला निघतो आणि जिजी तो दर दिवाळीला हाणून पाडते.

जिजी म्हणजे माझी आजी. तिच्या संसारात पैसा वर्षातून एकदाच दिसायचा. दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचायला लागायचा, संक्रांतीपर्यंत विकून व्हायचा आणि हातात जे काही पडेल ते पुढच्या कापसापर्यंत पुरवायचं. त्यामुळे खर्चही वर्षाच्याच मापाने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल बदलायचं आणि आखाजीच्या आगेमागेच घरात दाणापाणी भरून घ्यायचं. त्या दिवसांत दोन बायका रस्त्यात भेटल्या की तब्येतपाण्याच्या आधी प्रश्न यायचा, ‘भरलं का वर्षाचं?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्या घराची सगळी आर्थिक स्थिती कळायची. भरलं म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. अर्धंच भरलं म्हणजे यंदा कापसावर लाल्या रोग पडला होता किंवा पोरीचं लग्न झालं होतं.

गहू गच्चीवर वाळवायचे, चाळायचे, निवडायचे, त्यांना एरंडेलाचा हात लावायचा आणि मग कडुनिंबाचा वाळलेला पाला मधेमधे घालत कोठीत ओतायचे. डाळींना ऊन दाखवायचं, मिरच्यांची देठं खुडायची, चिंच फोडून मिठात घालायची. आणि बिबड्या. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो, ज्वारीचा आंबवलेला, लसूण-मिरची-तीळ घातलेला घाटा पहाटे चुलीवर शिजवायचा आणि खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर गरम असतानाच हाताने थापायचा. तळवे पोळतात म्हणून शेजारी पाण्याची वाटी. वाळल्यावर धोतर उलटं करून मागून पाण्याचा हबका मारला की बिबडी कापड सोडते. आज आमच्या गच्चीवर, उद्या शेजारणीच्या, परवा तिच्या जावेच्या. दहा बायका दहा घरांच्या बिबड्या करायच्या आणि मजुरीचा रुपयाही इकडचा तिकडे व्हायचा नाही. हे ध्यानात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

वडील शिक्षक झाले आणि आमच्या घरात ‘महिना’ शिरला. एक तारीख, पगार, वाण्याची यादी, उरलेलं पोस्टात. याच्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रातल्या सगळ्या मास्तरांच्या घरी हेच होतं. तरी गहू मात्र ते वर्षाचेच भरायचे. कोठी रिकामी ठेवणं त्यांच्या जिवावर यायचं.

आमच्या पिढीत महिन्याचेही तुकडे पडले. मोबाइलचं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं. म्हणजे मोबाइलवाल्यांच्या पंचांगात वर्षाला तेरा महिने, आणि हा अधिक मास तीन वर्षांनी नव्हे तर दर वर्षी येतो. फ्रीजचा हप्ता पाच तारखेला, गाडीचा दहाला, मुलाच्या क्लासचा तिमाहीला, टीव्हीवरच्या मालिकांची वर्गणी आपोआप केव्हा कापली जाते ते बँकेलाच ठाऊक. यातलं काहीच कोठीत भरता येत नाही. २०२२-२३ मध्ये आपल्या देशातल्या घरांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली, जवळजवळ पन्नास वर्षांतली सर्वांत कमी. अर्थतज्ज्ञ म्हणाले, लोक कर्ज काढून घरं-गाड्या घेताहेत, म्हणून तसं दिसतं. मला त्यात आमचीच पाच तारीख आणि दहा तारीख दिसली.

पुतणी पुण्याला वाकडमध्ये राहते, नवरा-बायको दोघंही कंपनीत. जिजीला हौसेने तिच्याकडे नेलं. जिजीने आल्या आल्या स्वयंपाकघराची कपाटं उघडली. तांदळाची एक बरणी, त्यात तळाशी दोन वाट्या तांदूळ. कणकेचं एक किलोचं पाकीट, चिमटा लावलेलं. बाकी कपाटात आरसे लावले असते तरी चाललं असतं. तेवढ्यात कोथिंबीर नाही असं लक्षात आलं, पुतणीने फोनवर बोट फिरवलं आणि चहाला उकळी येईपर्यंत एक पोरगा दारात कोथिंबिरीची जुडी, दोन लिंबं आणि अर्धा लिटर दूध घेऊन उभा. जिजी काही बोलली नाही. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘घरमा काहीच नही शे. पोरना हाल शेतस का?’ आणि निघताना कमरेच्या पिशवीतून पाचशेची घडी काढून तिने पुतणीच्या मुठीत कोंबली. पुतणीचा पगार मी इथे सांगत नाही. माझ्या निवृत्तीच्या रकमेची मला लाज वाटते.

जिजीला हसण्याचं कारण नाही. तिने आयुष्यभर रिकामी कपाटं एकाच प्रकारच्या घरात पाहिली होती. आमच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानात आजही संध्याकाळी सहाच्या पुढे उभे राहा. कापूस वेचून, कांदे निंदून आलेल्या बाया त्या दिवसाच्या मजुरीतून त्या दिवसाचं घेतात: दहाचं तेल, पाचची चहापत्ती, पावशेर साखर, हळदीची पुडी, डोक्यावर टांगलेल्या माळेतून फाडलेली शाम्पूची पुडी. ही पुडीची युक्ती मूळची तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची. गरिबाला बाटली परवडत नाही, पुडी परवडते, हे त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या आधी ओळखलं. शाम्पूचं गणित तरी बरं, कधीकधी बाटलीपेक्षा पुडीच स्वस्त पडते. तेलाचं आणि चहाचं तसं नाही. रोज सुटं घेणारा किलोला जास्तच मोजतो. ‘लाडकी बहीण’चे दीड हजार खात्यात पडतात त्या आठवड्यात याच बाया तेलाची अख्खी पिशवी नेतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दहाचं.

याला शिस्त नाही, असं आमच्यातले पेन्शनवाले कट्ट्यावर म्हणतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच प्रश्न टॉयलेट पेपरच्या खरेदीवर तपासला. निघालं काय, तर कमी उत्पन्नाची घरं मोठा गठ्ठा कमी वेळा घेतात, सवलतीची वाटही कमी वेळा पाहू शकतात. ज्या दिवसांत हातात पैसे असतात त्या दिवसांत मात्र त्यांची खरेदी सुखवस्तू घरांसारखीच शहाणी होते. म्हणजे गठ्ठ्याने घेऊन वाचवायलाही आधी गाठीला काही लागतं. तिकडे ‘कॉस्टको’सारखी दुकानं आहेत, वर्षाची फी भरून सभासद व्हायचं आणि पिंपानं-पोत्यानं माल आणायचा. तीन मोटारी मावतील एवढ्या गॅरेजात त्यांची कोठी असते. जिजीला ते दुकान दाखवलं तर ती तिथेच मुक्काम करील.

तर गंमत अशी झाली आहे की साठा न करणारी माणसं आता दोन टोकांना आहेत. उद्याचा भरवसा इतका पक्का की साठवायची गरजच नाही, ते एक. आणि उद्यासाठी आज काही उरतच नाही, ते दुसरे. वाकडचं कपाट आणि गल्लीच्या टोकाचं कपाट सारखंच रिकामं. एकीकडे कोथिंबीर दारात येते, दुसरीकडे पोर दहाची नोट घेऊन दुकानात पळतं, एवढाच फरक. आणि हा ‘एवढाच’ किती मोठा, ते सरकारी पाहणीत छापलेलं आहे. २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या सर्वांत तळच्या पाच टक्के लोकांचा दरडोई खर्च महिन्याला १,३७३ रुपये होता. शहरांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४. अमेरिकेत तर मूडीज या अर्थविश्लेषण करणाऱ्या संस्थेच्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज असा की देशातल्या एकूण ग्राहकखर्चातला जवळजवळ निम्मा खर्च वरचे दहा टक्के लोकच करतात. तीस वर्षांपूर्वी तो छत्तीस टक्क्यांच्या घरात होता. दुकानांनी माल कुणाकडे बघून मांडायचा ते मग ठरूनच जातं.

मधे भरवसा डळमळला की मात्र सगळं जग जिजी होतं. १९७३ साली तेलसंकटाच्या बातमीने जपानमध्ये ओसाकाजवळ बायकांनी टॉयलेट पेपरसाठी दुकानांपुढे रांगा लावल्या आणि ते लोण देशभर पसरलं. २०२० च्या मार्चमध्ये तेच अर्ध्या जगात पुन्हा घडलं. आमच्याकडे टाळेबंदी लागली ती नेमकी नव्या गव्हाच्या दिवसांत. वडील फोनवरून ओळखीच्या शेतकऱ्याला गाठायच्या खटपटीत, आम्ही दुकानाबाहेर चुन्याच्या गोलात उभे, आणि जिजी ओट्यावर निवांत: ‘घरमा दाना शे ना, मंग काय घोर?’ तेव्हा कोठीत डिनर सेट नव्हता.

१८५७ मध्ये अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं की घर जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला जेवणाचा वाटा मोठा. आपल्याकडे ते अगदी चोख उतरलं. १९९९-२००० मध्ये खेड्यातलं घर शंभरातले एकोणसाठ रुपये खाण्यावर घालवायचं, २०२२-२३ मध्ये शेहेचाळीस. नुसत्या तृणधान्यावर तेव्हा बावीस, आता पाचसुद्धा नाहीत. त्यात रेशनच्या फुकट धान्याचा हात आहेच. पण उलटाही प्रकार दिसतो. जपानसारख्या श्रीमंत देशात २०२४ मध्ये खाण्याचा वाटा अठ्ठावीस टक्क्यांवर गेला, चाळीसेक वर्षांतला सर्वांत जास्त. महागाई एक कारण, आणि दुसरं, घरोघरची म्हातारी माणसं. त्यांचे कपडे, प्रवास, शाळा-कॉलेजं संपलेली असतात, जेवण तेवढं राहतं. आमच्या घरातही जिजीच्या नावावर औषधं सोडली तर दूध-भाकरीशिवाय खर्च नाही. कपड्यांचा विषय काढला तर ती ट्रंकेतली, घडी न मोडलेली लुगडी दाखवते.

तिच्यापाशी आणखी एक कोठी आहे, गळ्यात. गहूपोत, गव्हाएवढ्या सोन्याच्या मण्यांची. कापूस बरा झाला त्या त्या साली जळगावच्या सराफ्यात जाऊन चार-चार मणी वाढवलेली. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाची वेस ओलांडली तेव्हा पुतणीने फोनवरून अभिनंदन केलं. जिजीला त्यात विशेष काही वाटलं नाही. विकायचं नसेल तर भावाशी काय देणंघेणं? अमळनेरला हा स्वभाव जुना आहे. विप्रो कंपनी १९४५ मध्ये इथेच सुरू झाली, वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण करणारी म्हणून. तेव्हा गावातल्या साध्यासाध्या माणसांनी तिचे शेअर घेतले आणि ट्रंकेत ठेवून दिले. पुढे कंपनी संगणकात गेली, शेअरला शेअर फुटत गेले आणि जुनी सायकल वापरणारी माणसं कागदावर कोट्यधीश झाली. अर्थात सगळ्यांच्या घरात ते कागद नव्हते. आमच्या आजोबांनी त्या पैशांत बैलजोडी घेतली होती, असं जिजी सांगते आणि पुढे बैलांची नावंही सांगते.

आता त्या बिबड्या. घरखर्चाच्या त्या सरकारी पाहणीत खाण्याच्या पदार्थांमध्ये सगळ्यांत मोठा रकाना आज धान्याचा नाही, दुधाचाही नाही. ‘पेये, अल्पोपहार आणि प्रक्रिया केलेले अन्न’ यांचा आहे, खेड्यातसुद्धा शंभरातले जवळजवळ दहा रुपये. ते वाचून लोक पिझ्झा-कुरकुऱ्यांवर घसरतात. कुरकुरे आहेतच. पण जिजी गच्चीवर बिबड्या थापायची तेव्हा हिशेबात फक्त ज्वारी लागायची. तिच्या पोळलेल्या तळव्यांना रकाना नव्हता. आता आमच्या सुनांना वेळ नाही, गच्चीवर सोलर आहे, आणि खालच्या आळीतला बचत गट बिबड्या, कुरडया, नागलीचे पापड किलोवर विकतो. बिबडी तीच, फक्त ज्वारीच्या रकान्यातून उठून अल्पोपहाराच्या रकान्यात बसली. गटातल्या बायांच्या हातात त्यामुळे चार पैसे येतात, आणि त्यातून त्यांच्या पोरींच्या क्लासची फी जाते. मला या पाहणीतला हा बदल सगळ्यांत आवडतो, जरी तो कुणी छापलेला नाही.

परवा पुतणीने पुण्याहून याच गटाकडे दोन किलो बिबड्या मागवल्या, पैसेही फोनवरूनच पाठवले. पार्सल बांधायला मी बसलो होतो. जिजीने भाव विचारला. चारशे रुपये किलो, मी सांगितलं. तिने बिबडी हातात घेऊन उजेडाकडे धरली, जाड आहे म्हणाली, मीठ कमी आहे म्हणाली, मग बोटांवर काहीतरी मोजत बसली. दर उन्हाळ्याला किती पायली, किती घरं, किती वर्षं. मधेच थांबून म्हणाली, ‘मंग मन्हा कितला पैसा झायात?’

मी कॅल्क्युलेटर उघडला. ती अजून आकडे सांगते आहे.