एक जीन्स, एक इरकल

बोस्टनमध्ये मे संपत आला की आमच्या लायब्ररीत दाराशीच एक टेबल मांडतात. त्यावर सुट्टीत वाचायच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या. इथं त्यांना ‘बीच रीड’ म्हणतात. दोन उन्हाळे मी त्या टेबलाकडे बघितलंही नाही. माझं वाचन कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातलं, १८५० सालापासूनच्या वाचनालयातलं. आई तिथून आणायची ती जाडजूड पुस्तकं.

यंदा एक उचलली आणि ब्लू लाइन मेट्रोनं रिव्हीर बीच गाठला. (१८९६ सालचा हा अमेरिकेतला पहिला सार्वजनिक समुद्रकिनारा, स्टेशनातून उतरलं की लगेच वाळू.) कादंबरी अ‍ॅन ब्रॅशेअर्स यांची ‘द सिस्टरहुड ऑफ द ट्रॅव्हलिंग पँट्स’, २००१ सालची. पंधरा-सोळा वर्षांच्या चार मैत्रिणी पहिल्यांदाच उन्हाळ्यात वेगळ्या होतात. एक जुनी जीन्स चौघींनाही बसते, मग तीच टपालानं एकीकडून दुसरीकडे फिरते, पार ग्रीसपर्यंत. नियम दहा, त्यातला पहिलाच: ती धुवायची नाही.

तिथं मी पुस्तक मिटलं. आमची इरकल आठवली.

हिरवी, लाल काठाची, एका मैत्रिणीच्या आईची. साडी डे असो, गॅदरिंग असो, कुणाच्या ताईचं लग्न असो, जिला लागेल तिनं न्यायची. खासबागेत भेळ खाताना पदरावर चिंचेचं पाणी सांडलं. नळाखाली चौघींनी चोळचोळ चोळलं, तर तपकिरी डाग उलट पसरला. काकू काही बोलल्या नाहीत.

मग लग्नं झाली. एक गडहिंग्लजला, एक इचलकरंजीत, एक पुण्यात, मी इकडं. भांडण कुणाचंच नाही. सासरी गेली की मैत्रीण सुटायचीच, हे आम्ही धरूनच चाललो होतो आणि त्याचं मला आता फार वाईट वाटतं. या पुस्तकांना हलकी म्हणतात. पण या एकाच कादंबरीत वडिलांचं दुसरं लग्न आहे, बारा वर्षांच्या पोरीचा रक्ताच्या कॅन्सरनं मृत्यू आहे, आणि त्या सगळ्यात मैत्रिणींनी एकमेकींना सोडलेलं नाही.

वाळूतूनच इचलकरंजीला फोन लावला. तिकडं रात्रीचे साडेनऊ. सहा वर्षांनी आवाज ऐकला. साडीचं विचारलं, तर म्हणाली, “थांब, बघून येतो.” कपाटाचं दार करकरलं.

“हाय की गं. डाग पण हाय. कुणाकडं पाठवू आधी?”