तुम्ही विचारलंत म्हणून: घरी हापूस असताना बाहेरचे आंबे कशाला?

लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे आ वासून पडलेली असताना मला हा प्रश्न आला आहे: "माहेर तुमचं दापोलीकडचं, घरची कलमं, आणि तुम्ही ऐन हंगामात बँकॉकला जाऊन आंबे खाता?" त्याच्या पाठोपाठ ठरलेला दुसरा: "पण खरं सांगा हं, हापूसची सर आहे का त्यांना?"

नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच ऐकायचं होतं त्यांनी खुशाल आमरसाकडे वळावं. नुसता कापून, बशीत घेऊन, दुसरं काही तोंडी न लावता खायचा असेल तर चांगल्या आढीतला, साका नसलेला हापूस एकीकडे आणि बाकी दुनिया एकीकडे. यात मी माहेरची बाजू घेते असं वाटलं तर तसं समजा. पण आंबा नुसताच खायचा हे कोणी ठरवलं? मला बाहेर फिरताना चटक लागली ती आंब्याच्या शेजारी जे वाढतात त्याची. आणि ते शेजार हापूसला मानवत नाहीत.

माझं काम पॅकिंग मशिनच्या सुट्या भागांचं. गिऱ्हाइकं थायलंड, फिलिपिन्स आणि तैवानची. मार्चअखेर उरकली की दौरे सुरू होतात, आणि तिकडचा आंबाही तेव्हाच येतो. थायलंडात एप्रिल-मे, तैवानात जून-जुलै. निव्वळ योगायोग. ऑफिसात यावर कोणाचाही विश्वास नाही.

थायलंडचा नावाजलेला आंबा म्हणजे नाम डोक माय. लांबोडका, टोकाशी किंचित वळलेला, पातळ सालीचा, फिकट पिवळा. कोय चपटी, रेषा नावालाही नाही. आपल्याकडे पेटी उघडली की शेजाऱ्यांना कळतं. याचा वास घ्यायला फळ नाकाशी न्यावं लागतं. गोडी सरळसोट, आंबटपणा जवळजवळ नाहीच. मराठी माणूस पहिली फोड खाऊन म्हणतो, "गोड आहे, पण..." आणि तिथेच हात आखडता घेतो. त्याने भात मागवावा.

बँकॉकच्या सुखुमवित भागातल्या एका गल्लीत संध्याकाळी एक बाई हातगाडी लावते. आंबा ती हातातच सोलते, देठाकडून टोकाकडे, लांब पट्ट्यांत. मग कोयीला लागून सुरी घालते आणि अख्खा गाल उतरवते, पाटावर त्याचे आडवे काप करते, आणि सगळे काप सुरीच्या पात्यावर तसेच्या तसे उचलून भाताशेजारी ठेवते. एकही काप सुटत नाही. भात कोमट, आंबा फ्रीजमधला नाही, साधाच. वर घालायच्या नारळाच्या दुधाची छोटी पिशवी रबर लावून वेगळी देते, आणि कुरकुरीत केलेल्या मूगडाळीची पुडी. ते दूध चाखून पाहा. खारट असतं. चिमूटभर मीठ पडलंय असं नव्हे, चांगलं जाणवेल इतकं खारट.

या पदार्थाला तिकडे खाओ नियाओ मामुआंग म्हणतात, आणि त्यातली खरी कारागिरी भाताची आहे. तांदूळ चिकट जातीचा. तो काही तास भिजवायचा, शिजवायचा नाही, नुसता वाफवायचा. दुसरीकडे नारळाचं दूध, साखर आणि मीठ गरम करून ठेवायचं. भात वाफेवरून उतरताक्षणी त्यावर ते ओतायचं, ढवळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचा. भात गरम असेल तरच दूध पितो. निवला की दूध तळाशी राहतं आणि शितं कोरडी. नीट जमलेल्या भाताचं प्रत्येक शीत सुटं दिसतं, चकाकतं, आणि तरी घास एकसंध येतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मिली नावाच्या तरुण थाय रॅपरने कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात गाणं संपवताना स्टेजवर हा भात खाल्ला आणि बँकॉकमधल्या विक्रेत्यांची चांदी झाली. पर्यटकांना तेव्हापासून तो जास्त ठाऊक झाला असेल. कोकणातल्या माणसाला मात्र तो परका वाटायचं कारण नाही. तांदळाचा रवा, फणसाचा नाहीतर आंब्याचा रस, गूळ, हे सगळं वाफवून केलेलं सांदण आपण नारळाच्या दुधाबरोबरच खातो. तांदूळ, आंबा, नारळ, वाफ: सामान तेच. फक्त आपण आंबा पिठात मुरवून टाकतो आणि ते त्याला वेगळा बसवतात. आणि ते मिठाला घाबरत नाहीत. त्या खारट दुधामुळे नाम डोक मायची सपाट वाटणारी गोडी एकदम उभी राहते.

मी घरी हाच भात हापूस घालून करून पाहिला आहे. हापूसच्या वासापुढे नारळ गप्प बसतो, आणि पिकलेल्या फोडी भातात रस सोडतात. हापूस एकट्याने मैफल मारणारा गवई आहे, त्याला कोणाच्या साथीला बसवू नये.

कच्च्याची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे कैरी म्हणजे न पिकलेला आंबा. लोणचं, पन्हं, मेथांबा, चैत्रातली आंबेडाळ, सगळं तिच्या आंबटपणावर चालतं. थायलंडात काही जाती मुळी हिरव्याच खायच्या म्हणून लावतात. खिआव सवोई नावाचा आंबा बाहेरून हिरवागार असतो आणि चावला तर करकरीत, किंचित गोडसर. तो एका दाट, गोड-खारट चटणीत बुडवून खातात, जिच्यात मासळीचा खारवलेला रस, साखर, कांद्याच्या बारीक चकत्या, सुका जवळा आणि मिरची असते. शाकाहारी मंडळींनी मीठ-साखर-मिरचीची पुडी मागावी, तीही मिळते. फिलिपिन्समध्ये हिरव्या आंब्यावर बागूंग फासतात, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गडद, खारट लगदा. वास उग्र. पण ज्यांच्या घरी उन्हाळ्यात सुकटीत कैरी पडते त्यांना दुसऱ्या घासाला काही वाटणार नाही.

फिलिपिन्सचा आंबा काराबाव, नाव म्हशीवरून. लहानसर, सोनेरी, किंचित आंबट कड असलेला. नुसता खायच्या स्पर्धेत हापूसच्या सर्वांत जवळ पोचणारा माझ्या मते हाच, आणि १९९५ च्या गिनेस बुकात त्याची जगातला सर्वांत गोड आंबा म्हणून नोंदही झाली होती. त्यातही गिमारास बेटाचा घ्यावा. इलोइलो शहरातून छोट्या मोटरबोटीने वीसेक मिनिटांत पोचता येतं. मात्र बोटीत चढताना पिशवीत बाहेरचा आंबा असेल तर तो ठेवून जावा लागतो, बेटावर बाहेरचा आंबा न्यायला बंदी आहे. कोयीत शिरणाऱ्या किड्यापासून बेट मुक्त आहे, म्हणून तिथला आंबा अमेरिकेला जाऊ शकला. ते टिकवायचं तर एवढं करावंच लागतं. बेटावर ट्रॅपिस्ट साधूंचा मठ आहे, ते आंब्याचा जॅम आणि बिस्किटं विकतात. जॅम आपल्या साखरआंब्याच्या पासंगाला पुरत नाही, बिस्किटं बरी आहेत.

आंबा बारमाही मिळण्याचं श्रेय मात्र फिलिपिन्सचंच. पूर्वी तिकडचे शेतकरी मोहोर यावा म्हणून झाडाखाली दिवसेंदिवस धुमी करत. १९७० च्या दशकात रामोन बार्बा या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पोटॅशियम नायट्रेटची फवारणी केली की झाडं काही दिवसांत मोहोरतात. हे मी माझ्या मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आमचा हापूस तसल्या फवाऱ्याला दाद देत नाही, त्याला थंडीच लागते, नाहीतर कल्टार." कल्टार हे मोहोर आणायचं रसायन, कोकणात ते मुळाशी घालतात, आणि बाग कराराने दिली की झाडाचे हाल होतात, यावर तो पुढे अर्धा तास बोलला. तो भाग इथे गाळते.

आणखी एक फरक त्यालाही चकित करून गेला. हापूसचा बाठा रुजवला तर हापूस येत नाही, काय येईल ते देव जाणे. म्हणून तर कलम. थायलंड-फिलिपिन्सकडच्या आंब्यांच्या बाठ्यातून मात्र एकाच वेळी अनेक कोंब फुटतात, आणि त्यांतले बहुतेक आईची तंतोतंत नक्कल असतात. म्हणजे चांगला आंबा खाऊन बाठा परसात टाकला तरी तोच आंबा येण्याची बरीच शक्यता. कलमांवर पिढ्या काढलेल्या माणसाला हे ऐकून जरा अन्याय झाल्यासारखं वाटतं.

फिलिपिनो मँगो फ्लोट हा बिस्किटं, क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कचा थरांवर थर लावून गार केलेला प्रकार. पोरांना आवडतो. मला त्यात आंबा फक्त रंगाला ठेवलाय असं वाटतं. मोठ्या हॉटेलांतलं मँगो पुडिंगही त्याच जातीचं. त्यातला रस बहुधा डब्यातला असतो, आणि तो डबा भारतातूनच आलेला असण्याची शक्यता पुष्कळ, कारण आपल्या तोतापुरीचा आणि हापूसचा रस जगभर जातो. त्यासाठी विमानाचं तिकीट काढू नये.

हाँगकाँगचा एक प्रकार मात्र मला मनापासून आवडतो: आंब्याचा गार रस, नारळाचं दूध, बारीक साबुदाणा आणि वर पपनसाच्या मोकळ्या केलेल्या पाकळ्या. १९८० च्या दशकात तिथल्या एका उपाहारगृहाने तो काढला असं म्हणतात. गणपतीच्या माटोळीला टांगलेलं पपनस पुढे कोणी खात नाही, त्याची ही इतकी छान सोय होते हे मला तिथे कळलं. शिवाय सामान नीट पाहा: आंबा, नारळ, साबुदाणा, दूध, फळ. एकादशीला चालेल. माझ्या सासूबाईंनी यादी ऐकून घेतली, साखर कोणती एवढंच विचारलं आणि परवानगी दिली.

आता तैवान. ताइनानजवळच्या डोंगरात युजिंग नावाचं गाव आहे, तिथे जुलैत बाजार भरतो तेव्हा टोपल्यांमधून नुसता लाल रंग दिसतो. हा आंबा आयर्विन. १९५४ मध्ये तो फ्लोरिडाहून तैवानात आणला. त्याआधी डचांच्या काळात आलेला लहान, हिरवट, रेषाळ आंबाच तिथे होता, आपल्या रायवळासारखा. आयर्विन सोलला की केशरी, मऊ, रसाळ. त्याच्या मोठाल्या फोडी दुधाच्या बर्फाच्या पातळ किसावर रचतात, वर आंब्याचा पाक आणि कंडेन्स्ड मिल्क. बर्फाने जीभ बधिर होते तेव्हा नाजूक चवी मरतात. आयर्विनचा आंबटगोडपणा टिकून राहतो. ताटली दोघांत एक घ्यावी.

या लाल आंब्याचं कूळ काढायला गेलं तर गंमत आहे. १८८९ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यातून काही कलमं अमेरिकेला गेली, त्यांत मलगोबा नावाने गेलेलं एक झाड फ्लोरिडात तगलं. त्याच्या बाठ्यातून १९०२ मध्ये लावलेलं झाड म्हणजे हेडन, आणि आयर्विन त्याच हेडनच्या वंशातला. जपानच्या मियाझाकीत 'सूर्याचं अंडं' म्हणून जो आंबा विकतात, तोही आयर्विनच. किमान ३५० ग्रॅम वजन आणि ठरलेली गोडी असेल तरच ते नाव मिळतं. आपण चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने उतरवतो. तिथे प्रत्येक फळाला जाळी बांधतात आणि ते पिकून आपणहून तीत पडेपर्यंत वाट बघतात. २०१९ मध्ये हंगामाच्या पहिल्या लिलावात अशा दोन आंब्यांना पाच लाख येन मिळाले. आपल्याकडे मग 'लाखाचा आंबा' म्हणून बातम्या आल्या, २०२१ मध्ये जबलपूरकडच्या एका बागेत या आंब्याच्या राखणीला माणसं आणि कुत्री ठेवली गेली. तोच आंबा युजिंगच्या बाजारात टोपलीने मिळतो, हे त्या कुत्र्यांना कोणी सांगू नये.

"येताना घेऊन का येत नाही?" असंही विचारता. ताजं फळ परवान्याशिवाय देशात आणता येत नाही. फिलिपिन्समधल्या सेबूचा सुकवलेला आंबा आणते, पण आंबापोळी खाऊन वाढलेल्यांना तो फार गोड लागतो.

त्यापेक्षा भातच घरी करा. चिकट तांदूळ आता मोठ्या दुकानांत मिळतो, नाहीतर आसामचा बोरा चाऊल चालतो. आंबा म्हणाल तर हापूस नको, पायरी तर नकोच, ती रसाची. बदाम आंबा आणा. हो, तोच, ज्याला पुण्यात आपण नाक मुरडतो. घट्ट, बिनरेषांचा, सौम्य गोड, फोडी सुरेख पडतात, आणि नारळाला बोलू देतो. भात ज्या दिवशी केला त्याच दिवशी संपवा, फ्रीजमध्ये ठेवलात तर दगड होतो.