सुकतळा

मी रनर माणूस. म्हणजे हाफ मॅरेथॉन करतो, रविवारी पहाटे उठून ग्रुपवर फोटो टाकतो, त्यातला. त्यामुळे आळंदी ते पंढरपूर अडीचशे किमी म्हणजे रोज पंधरा-वीस किमी चालणं, त्यात काय एवढं, असं डोक्यात होतं. प्रस्थानाच्या दोन दिवस आधी दुकानात जाऊन जेलचे इनसोल घेतले. बाराशे रुपये. अंगठ्याने दाबून बघितलं, मस्त मऊ, आणि टाचेखाली निळं जेल, मधे कमान चांगली उंच. रेसच्या दिवशी नवीन काहीही घालायचं नाही हे मी स्वतः शंभर जणांना सांगितलंय, पण वारी काय रेस थोडीच आहे.

त्यात अजून एक शहाणपणा केला. बुटातला मूळचा इनसोल न काढता त्याच्याच वर नवीन घातला. डबल कुशन.

आळंदी, पुणे ठीक गेलं. दिवे घाटाच्या दिवशी एकादशी, पोटात साबुदाण्याची खिचडी, तीस किमीच्या वर चाल, आणि घाट चढताना लक्षात आलं की टाच बुटात बसतच नाहीये. दोन इनसोलमुळे पाय वर उचलला गेला होता, मागचा कप टाचेच्या खाली राहिला होता, आणि प्रत्येक पावलाला टाच घासत होती. पुढे बोटं वरच्या कापडाला टेकलेली. आणि लांब चाललं की पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा, पुढे अंगठाभर जागा ठेवावी, हेही मला माहीत होतं बरं का. सगळं माहीत होतं. वर वळणावरून मागे बघितलं तर खालपर्यंत पताकाच पताका, पावसाची भुरभुर, आणि सगळ्या घाटातून एकच टाळांचा आवाज, मला रडू आलं. ते माउलींमुळे की टाचेमुळे, नाही सांगता येणार.

सासवडला फोड आलेला. दिंडीतल्या मावशींनी सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जातं म्हणे. मी आपलं सुई तरी उकळून घ्या म्हणत होतो, त्या म्हणाल्या, "गप बस रे, चाळीस वर्सं हेच करतीय." त्या स्वतः रबरी चपलेत. तीसुद्धा एका बाजूने शिवलेली. मला त्यांचा रागच आला खरंतर, कारण त्यांना काहीच होत नव्हतं. (सुई उकळूनच घ्या, आणि वरची कातडी ओढून काढू नका.)

जेजुरीला भंडारा. वाल्हे, झोप नाही, शेजारचा तंबूभर घोरत होता.

मग वाल्ह्याहून निघालो त्या दिवशीची दुपार. नीरेला माउलींच्या पादुकांचं स्नान, मला गर्दीत काहीही दिसलं नाही, नुसते हात जोडले. पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात आलो आणि पाऊस असा आला की दोन मिनिटांत बूट भरले. ओल्या जेलची खालची बाजू जुन्या इनसोलवर साबणासारखी सरकायला लागली, सरकत सरकत पुढे, आणि पुढची कडा बोटांखाली दुमडली. वळी झाली तिची. थांबायचं कसं, मागून दिंडी येतेय, विणेकरी चाललाय, आपण रांग मोडायची? हरिपाठाच्या ओळी तोंडाने चालू आणि मनात शिव्या. पुढे रील काढणारी दोन पोरं उलटी चालत होती, त्यांनाही मनातल्या मनात दिल्या.

लोणंदच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एकाने ताडपत्री बांधली होती, खाली पोतं, रापी, आरी, लोखंडी पाय, आणि समोर वारकऱ्यांच्या तुटक्या चपलांचा ढीग. फुकट शिवून देत होता. पन्नाशीचा असेल. मी बसलो. माझा बूट उलटा केला तर अर्धा तांब्या पाणी पडलं. आत हात घालून दोन्ही इनसोल बाहेर ओढले, एकावर एक धरून माझ्याकडं बघितलं.

"माउली, एका बुटात दोन सुकतळं?"

सुकतळा. आजोबांच्या तोंडी ऐकलेला शब्द, नंतर कुठे ऐकलाच नव्हता.

मग त्याने माझा ओला पाय एका पुठ्ठ्यावर ठेवायला लावला. उचलला तर अख्खा तळवा उमटलेला, मधे खाच जवळपास नाहीच. "पाय सपाट हाय तुमचा. ही कमान कशाला पायजे हितं? टोचत आसंल." टोचत होती. चार दिवस टोचत होती, मला वाटलं सपोर्ट म्हणजे असंच असतं. सपाट पायाला आधार लागतच नाही असं नाही, बऱ्याच जणांना लागतो, पण ती कमान माझ्या पायाच्या जागेवर येतच नव्हती.

जुना इनसोलही बघितला, टाचेशी कागदासारखा दबलेला. त्याने राखाडी फोमची पातळ शीट काढली, जुना सुकतळा वर ठेवून पेनाने कडा आखली, आणि रापीने कापला. टाचेची बाजू एका झटक्यात, पण बोटांकडे थोडं थोडं, घालून बघ, काढ, परत केसभर काप. तीनदा. मी म्हटलं सोल्युशन लावा थोडं. "ओल्यावर चिटकत न्हाय. आन बरुबर कापला तर लागत बी न्हाय." पैसे काढले तर हात मागे घेतला. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाला, "उठा आता, मागं लाईन हाय."

पुढचं सगळं त्याच्यावर चाललो. चांदोबाचा लिंब, फलटण, माळशिरस, वाखरी, सगळं एकात एक मिसळलंय. तळावर पोचलो की सुकतळे बाहेर काढून तंबूच्या दोरीला अडकवायचे, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, रात्री एकदा बदलायचे. चुलीजवळ ठेवायचे नाहीत, एकाने ठेवले, सकाळी त्याचे काकडीसारखे वाकडे. पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं. पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायची ताकद नव्हती, खोटं कशाला बोलू.

जेलची जोडी मी दिंडीच्या ट्रकमधून घरी आणली, बाराशेची होती ना. पण आल्यावर आधी ते राखाडी धुवायला घेतले. मशीनमध्ये नाही, बादलीत, कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने. पाणी काळं झालं. ते मोरीत ओतायला गेलो तर आई आडवी आली.

"ओतू नकोस, वारीची माती आहे."

"मग काय तुळशीत घालू?"

"तुळशीत कसं घालशील, बुटातलं आहे." थोडा विचार केला तिने. "जास्वंदीला घाल."

"अगं, साबण आहे त्यात."

"मग साबणाआधीचं द्यायचं होतंस," म्हणाली, आणि रागावून आत गेली.